राकाचा आवा आणि पोत्यातली पिले

तेरणेकाठच्या तेर गावात संत गोरोबाकाका कुंभारांची समाधी आहे. नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आले, ही त्यांची कथा धाराशिव जिल्ह्यात लहानथोरांना पाठ असते. पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा त्यामानाने कमी सांगितली जाते. महिपतींनी 1762 साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तिविजया’त ती आहे. कच्च्या मडक्यात मांजरी व्यालेली; राकाने न पाहता आवा रचून पेटवला. मांजरी जाळाभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा ध्यानात आले. पिले वाचली तर घरदार लुटवीन, असे त्याने विठ्ठलाला साकडे घातले. आवा निवला, मडकी भाजलेली, पिलांचे तेवढे कच्चे, आणि पिले जिवंत. राकाने खरेच घर लुटवले.

या कथेत चमत्कारापेक्षा नवस मोठा. जाळ आपण लावला, तर किंमतही आपणच मोजायची, हे राकाला कुणी सांगावे लागले नाही.

आज आवे कमी पेटतात, पिले मात्र नकोशी होतातच. ज्वारीच्या, सोयाबीनच्या पोत्यांना उंदीर लागतो म्हणून मांजर हवी. ती कडब्याच्या गंजीत व्याली की चार पिले पोत्यात घालून वेशीबाहेर सोडायची. मारत कुणी नाही. मांजर मारले तर सोन्याचे मांजर काशीला नेऊन वाहावे लागते, ही धास्ती अजून आहे. सोडून देण्याला मात्र सोन्याचा भुर्दंड नाही! अन्नपाण्यावाचून हाल होतील असे जनावर सोडून देणे 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवले आहे, पण वेशीबाहेर कायदा कोण वाचतो?

श्रीवैष्णवांच्या तेंगलै पंथाने भक्ताला मांजरीचे पिलू म्हटले: त्याने काही करायचे नाही, आई तोंडात धरून नेते. वडगलैंनी माकडाचे पिलू पुढे केले, कारण ते आईला घट्ट धरते. पोत्यातल्या पिलाला आईच नाही. डोळे न उघडलेल्या त्या जिवाला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. गाईच्या दुधाने हगवण लागते. आई चाटते म्हणून त्याची लघवी सुटते. ती नसली की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावे लागते. ही सेवा कोणत्या मार्गात बसवायची ते पंडितांनी ठरवावे.

हदीसमधली एक गोष्ट पाजण्याच्या या जबाबदारीच्या जवळ जाते. मांजर कोंडून ठेवणारी बाई दोषी ठरली, कारण तिने तिला खायला घातले नाही आणि स्वतःचे शोधून खायलाही सोडले नाही.

अवघड प्रश्न जैनांचा. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे दिगंबरांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागरांनी 1955 साली तिथेच आमरण उपवासाची सल्लेखना घेतली. त्याच परंपरेतली ‘कार्तिकेयानुप्रेक्षा’ मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणे हा अनर्थदंड, म्हणजे निष्कारण ओढवून घेतलेले पाप, मानते. पिलू वाचवले की उद्याच्या उंदरांचे मरण पोसले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही; करुणेचा हिशेब एकाच जिवापाशी थांबवू नका, असे तो बजावतो.

तोच हिशेब पुढे नेला तर नसबंदीशी येऊन थांबतो. मुक्या जनावराचे आईपण तोडणे पाप, असे अनेकजण मनापासून मानतात. पण मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. ती पिले वेशीबाहेरच जाणार असतील, तर पाप कशात जास्त? पिले दोन महिने आईजवळ राहू द्यावीत, चांगली घरे पाहून द्यावीत आणि मांजरीचे ऑपरेशन करून घ्यावे. राकाच्या नवसापुढे हा खर्च किरकोळच.

शेतकऱ्याची शंका निराळीच असते: ऑपरेशन केलेली मांजर उंदीर धरेल का? धरते. आणि कार्तिकेयानुप्रेक्षेचा आक्षेप जिथल्या तिथे राहतो.