मालकी आणि वहिवाट

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आनंद मलाही झाला. पण पाठोपाठ एक वाक्य जिथेतिथे ऐकू येऊ लागलं: हे किल्ले आपले, शिवडी, वसई, रेवदंडा ही परक्यांची ठाणी, त्यांच्या डागडुजीवर पैसा कशाला? ते वाक्य मनातून जाईना, म्हणून एका रविवारी काळाचौकीहून चालत शिवडीला गेलो.

किल्ला लहानसा. इंग्रजांनी १६८० साली बांधलेला. दगडी दरवाजा, आत चौक, कमानींची अंधारी दालनं. वरून खाडीचा चिखल, तिवरं आणि आता अटल सेतू. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान औरंगजेबाच्या बाजूने याच किनाऱ्याला उतरला आणि त्याने ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईच्या कोटात कोंडलं. इंग्रज सुटले ते औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून. पुढे इथे कैदी ठेवले, मग गोदाम झालं.

आता ते वाक्य. परक्याने बांधला म्हणून परका, हा नियम लावायचा तर त्या बारांतला पन्हाळा शिलाहार भोजाचा आणि जिंजी तर दूर तमिळ मुलखातली. विजयदुर्ग महाराजांच्या हाती येण्याआधीपासून उभा होता. यावर उत्तर येतं, की ते आपण जिंकले. मग वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली, ती परकी कशी? आणि शिवडीचं राज्य लढाईवाचून १९४७ मध्ये बदललं, म्हणून तिच्यावरचा हक्क उणा? रक्त सांडल्याशिवाय हक्क नाही असं म्हणायचं असेल तर उघड म्हणावं. पण मग बंदर, रेल्वे, गिरण्या, सगळी मुंबईच परकी ठरते आणि तिच्यात राबलेल्या चार पिढ्या उपऱ्या. किल्ल्यावर रोषणाई करून तिकीट लावा म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही. त्यांना किल्ला नको, देखावा हवा आहे.

परक्या ठाण्यांबद्दल बोलणाऱ्यांची वेदना मात्र मला कळते. गुलामीचे वळ खरे आहेत. तरीही चूक मुळात आहे, वारशाला मालकीचा दाखला समजण्यात. आम्हा चाळकऱ्यांना दोन शब्द वेगवेगळे माहीत असतात: मालकी आणि वहिवाट. मालकी कागदावर असते आणि कागदावरच हात बदलते. पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, त्याने १६६८ मध्ये ती कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर दिली. इथल्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी विचारलं नाही. वहिवाट मात्र त्यांचीच राहिली. आजही शिवडीच्या तटाखाली ती दिसते: पायथ्याच्या दर्ग्यात येणारी माणसं, गोदामांतले हमाल, चिखलातून जाळी ओढणारे. किल्ल्याच्या इतिहासात यांना जागा नाही, कारण तो इतिहास मालकांच्या क्रमाने लिहिलेला आहे.

गिरण्यांचं हेच झालं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. २००१ मध्ये तो नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. साऱ्या वादात प्रश्न एकच होता, जमीन कोणाची. आमच्या काळाचौकीतल्या युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं ठरलं. व्हावंच. तिथे माग ठेवतील, भोंगाही ठेवतील. पण मागावरचा माणूस झोपायचा कुठे? एकेका गावाने मिळून घेतलेल्या खोलीत, पाळीपाळीने, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. जेवण बाईच्या खानावळीत.

माझे वडील लग्न होईपर्यंत अशाच खोलीत राहिले. भाड्याचा वाटा त्यांनी एकाही महिन्याला चुकवला नाही. पावती त्यांच्या नावाची कधीच नव्हती.