दाताखालचा कागद

खंडेनवमीला आमच्या भागात कोयत्या-विळ्यांबरोबर ठासणीची बंदूकही पाटावर येते. रानडुकरांपासून भात राखायला परवान्यावर घेतलेली असते. मी पुरोहित, तिला गंध-अक्षता वाहतो आणि मनात १८५७ सालच्या शिपायांच्या उठावातला एक प्रश्न उभा राहतो. धर्म नेमका कुठे बाटतो? वस्तूत, तोंडात की लोकांच्या नजरेत?

ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, बोळा, छरे, मग गजाने ठासायचं. फौजेला इतकी सवड नसते. म्हणून मोजून घेतलेली दारू आणि गोळी एकाच कागदी नळीत गुंडाळत. तेच काडतूस. मी लाकडी दांड्यावर कागद गुंडाळून, दोऱ्याने बांधून, दारूऐवजी रवा भरून तसं एक करून पाहिलं. डाव्या हातात बंदुकीची नळी, उजव्यात काडतूस. फाडायला दातच उरतात. कवायतीतला तो दात कुणी खोडसाळपणाने घातलेला नव्हता, एवढं हाताला लगेच कळलं.

१८५३च्या एनफिल्ड बंदुकीच्या नळीला आतून आटे होते. सुमारे ३४ ग्रॅमची गोळी कागदासकट आत जायची, म्हणून गोळीकडचं टोक चरबी-मेणात बुडवलेलं असे. दातांनी फाडायचं ते दुसरं, दारूकडचं टोक. ‘तोंडाला चरबी लागतच नाही’ असं यावर सहज म्हणता येईल, पण बंगालच्या उन्हात चरबी आखून दिलेल्या जागी थांबत नाही. आणि ती गाईची, डुकराची की आणखी कोणत्या जनावराची असावी, याची अट पुरवठादाराला घातलेलीच नव्हती. बंगाल लष्करातले टकर यांनी याच चरबीबद्दल १८५३ सालीच सावध केलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

एक निवाडा इथेच देतो. माझ्या तोंडात काय जाणार, हे जाणून घेण्याचा अधिकार माझा आहे. काडतुसं नाकारणारे शिपाई हेच मागत होते आणि त्यांचं बरोबर होतं.

शास्त्राकडे उत्तर नव्हतं असंही नाही. अजाणता घडलेल्या दोषाला हलकं प्रायश्चित्त आहे. बळजबरीने अभक्ष्य खायला लावलेल्यांना परत घेण्याची वाट देवलस्मृतीत आहे. मुसलमान शिपायालाही कुराण सांगतं की नाइलाजाने खाल्लेल्याला पाप नाही. मग ही दारं उघडी असताना माणसं फासावर का गेली? प्रायश्चित्त घडून गेलेल्या गोष्टीचं असतं. काडतूस रोज फाडायचं होतं, संशय रोज नवा होता. शिवाय अजाणतेपणाची सवलत संशय आलेल्याला मिळत नाही. एकदा कानावर पडलं की तो अजाण राहिला नाही, आणि खरं काय ते सांगणारंही कुणी नव्हतं.

१८५७च्या जानेवारी अखेरीस सरकारने सांगितलं, हवं ते तूप-मेण तुम्हीच लावा. तेव्हा संशय कागदावर गेला: हा इतका चकचकीत का? २४ एप्रिलला मेरठला ९० स्वारांपुढे जुनीच काडतुसं ठेवली, दातांऐवजी हाताने फाडायची मुभा दिली. तरी ८५ जणांनी नकार दिला. चरबी आता त्या गोष्टीत उरलीच नव्हती. अंबाल्याच्या देशी अधिकाऱ्यांनी कॅप्टन मार्टिनो यांना सांगितलेलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: आमची खात्री पटली आहे, पण घरचे, गावचे आम्हाला वाळीत टाकतील. म्हणजे शुद्धी ज्याची त्याच्याजवळ नव्हतीच, ती भाऊबंदांच्या पंगतीत गहाण होती. आमच्या वरसईचे विष्णुभट गोडसे महूजवळ पोचले, तेव्हा काडतुसांची हकीकत त्यांना शिपायांनीच सांगितली. ‘माझा प्रवास’मध्ये ती आहे. अशी बातमी वाटेवरच्या भिक्षुकापर्यंत पोचल्यावर सरकारी खुलासा कुठे पुरा पडणार?

आणि या बातमीचा उगम दमदमच्या ज्या प्रसंगात सांगतात, तो मला पुरोहित म्हणून बोचतो. तिथल्या कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं. जातीमुळे शिपायाने नाही म्हटलं. तेव्हा खलाशी बोलून गेला, गाय-डुकराची चरबी दातांनी तोडशील तेव्हा कुठे राहील तुझी जात?

लोट्याचा नकार आणि काडतुसाचा नकार एकाच धर्मातून आले असं आम्ही मानत आलो. मी मानत नाही. काडतुसाला नाही म्हणणारा स्वतःच्या तोंडापुरतं बोलत होता. लोट्याला नाही म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या ओठांनाच विटाळ ठरवलं. पहिल्यात माणूस आपल्या देहाचा मान मागतो, दुसऱ्यात तहानेल्याचा मान काढून घेतो. आणि शिपायाला ज्या पंगतीची धास्ती होती, ती याच दुसऱ्या नकारावर उभी होती. खलाशाला पाणी नाकारणारी रीतच उद्या शिपायालाही वाळीत टाकणार होती.

माझ्याकडे अजून लोक प्रायश्चित्त विचारायला येतात. नकळत पोटात गेलेल्या गोष्टीसाठी मी देवापुढे नमस्कार करायला सांगतो, दक्षिणा घेत नाही. कुणी मुद्दाम लपवून खाऊ घातलं असेल, तर आधी त्याला जाऊन जाब विचार म्हणतो. आणि अमक्याचा हात लागला म्हणून कुणी विचारायला आला, तर त्याच्यासाठी मी पोथी उघडत नाही.