नाते ओळखण्यापुरती वंशावळ



ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीतील घराघरांत शिरले. ते ओसरल्यावर गच्च्यांवर गाद्यांच्या शेजारी निकाहचे अल्बमही वाळत पडले होते. फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवू जावे तर चेहऱ्याचा रंग बोटाला लागे. एका घरातील वृद्ध नानींनी असाच एक पुसट फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "चेहरे गेले तर जाऊ देत. कोण कुठं बसलं होतं ते मला पाठ आहे."

त्या नावे सांगत गेल्या, नातू लिहीत गेला. पुढच्या रांगेतील एका लहान मुलीपाशी त्या थांबल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात पाटणकडच्या नात्यातील एक घर कोसळले, आई दगावली, तान्ही मुलगी सांगलीला आणली गेली. नानींच्या कडेवर तेव्हा स्वतःचे मूल होते; त्यांनी दोघांनाही पाजले. म्हणजे साताऱ्यात राहणारी, वर्षानुवर्षे जिच्याशी येणे-जाणे नव्हते, ती स्त्री या नातवाची रजाई खाला होती. घरातल्या तरुणांपैकी कुणालाही हे ठाऊक नव्हते.

वाचकहो, ही केवळ हृद्य आठवण नव्हे. दुधाच्या नात्याने निकाह हराम होतो, हे कुरआनने सूरह अन-निसामध्ये स्पष्ट केले आहे. हजरत उक्बा बिन हारिस (रजि.) यांचा निकाह झाल्यावर एका स्त्रीने येऊन सांगितले की, मी या पती-पत्नी दोघांनाही दूध पाजले आहे. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना पत्नीपासून विभक्त होण्यास सांगितले. सहीह बुखारीत ही हकीकत आहे. दुधाची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. ती नानी-दादींच्या स्मरणात असते आणि त्यांच्यासोबत दफन होते. (मसल्याचा तपशील आपल्या आलिमांना विचारावा.)

नातेसंबंध जोडता येतील इतके आपले वंश जाणून घ्या, अशा आशयाची शिकवण तिर्मिजीतील हदीसमध्ये आहे. यातील हेतू ध्यानात घ्यावा. वंश जाणायचा तो हक्क अदा करण्यासाठी: कोणत्या फुफीचा वारसाहक्क राहिला, आजोबांचे कुणाचे कर्ज फेडायचे राहिले, वडिलांचे मित्र कोण होते. मिरवण्यासाठी नव्हे. आपल्याकडे काही घराणी अरबस्तानातून आल्याच्या कथा सांगतात आणि पणजोबांचा धंदा लपवतात. मिरजेची सतारमेकर घराणी मात्र आपले पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते, हे मोकळेपणाने सांगतात. मला हे अधिक भावते.

लिहिताना मुहद्दिसांची रीत पाळा. त्यांनी मजकुराआधी सनद मागितली. तुम्हीही कुणी सांगितले, त्यांनी कुणाकडून ऐकले, हे आधी लिहा. दोन जणांचे सांगणे जुळत नसेल तर दोन्ही लिहा. वाळवा-तासगावचे बुजुर्ग आपले गाव 'सातारा जिल्ह्यात' सांगतात, तेव्हा त्यांना दुरुस्त करू नका. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. जुने कागद शोधताना त्यांचाच शब्द उपयोगी पडेल. आणि ऐब ऐकलात तर झाकून ठेवा. सगळेच वहीत उतरवायचे नसते.

फोटोविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी येथे मिटवू शकत नाही. भिंतीवर टांगा असेही म्हणत नाही. पण पेटीत जे आहेत त्यांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा, आणि ती बुजुर्ग हयात असतानाच, त्यांच्या शेजारी बसून लिहा.

त्या नानी पुढे दोन वर्षांनी अल्लाहला प्यारा झाल्या. मय्यतीच्या घरी साताऱ्याहून एक प्रौढ स्त्री आली, आणि नानींच्या मुलांनी तिला बहिणीसारखे दारातून आत नेले.