एक अधिक एक

धर्मशिक्षणाच्या वर्गात अकरावीतल्या एका मुलाने मला विचारले, "फादर, संगणकाच्या पुस्तकात एक अधिक एक बरोबर एक असे दिले आहे. मग पवित्र त्रैक्याचे रहस्य गणितानेच सुटले की!" वर्ग हसला, मी मात्र त्या रात्री विचारात पडलो. प्रश्न पोरकट नव्हता. एकाच बेरजेची दोन उत्तरे खरी असतील, तर सत्य एक आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

जॉर्ज बूल (१८१५-१८६४) या इंग्रज गणितज्ञाने १८४७ व १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांतून तर्काला बीजगणिताची चिन्हे दिली. त्याचे वडील पादत्राणे शिवीत, हे ऐकून आम्हां कोल्हापूरकरांना तो जवळचा वाटावा. त्याचा मूळ नियम साधा आहे: तीच अट दोनदा लावली तरी निवड बदलत नाही. 'गायकवृंदातील लोकांपैकी गायकवृंदातील लोक' म्हणजे तेच लोक. चिन्हांत सांगायचे तर क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात हा नियम ० आणि १ हे दोनच अंक पाळतात. म्हणून या तर्काचा व्यवहार त्या दोहोंवर चालतो: नाही आणि आहे.

समजा, एका धर्मग्रामात १२ जण गायकवृंदात आहेत, ८ जण धर्मशिक्षण देतात आणि त्यांतील ३ जण दोन्हीकडे आहेत. बेरीज २० होते. पण सहलीच्या बसमध्ये जागा १७ च लागतील, कारण दुहेरी मोजलेले ३ वजा करावे लागतात. दोन्ही याद्यांत असलेल्या एका व्यक्तीपुरते पाहा: एक अधिक एक, उणे एक गुणिले एक, उरतो एक. तर्कातले उत्तर अंकगणिताला खोटे पाडत नाही, त्यातूनच ते निघते.

उलट वाटही आहे. विजेच्या स्विचांची मंडले बूलचे नियम पाळतात आणि बेरीजही करू शकतात, हे क्लॉड शॅननने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवले. दोन अंकांपैकी नेमका एकच १ असेल तर जागेवर १ लिहावा; दोन्ही १ असतील तर जागेवर शून्य आणि हातचा १. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकामागे हेच तत्त्व होते.

मग त्रैक्याचे काय? पुढच्या रविवारी मी त्या मुलाला 'नाही' असेच उत्तर दिले. बसच्या यादीत एक अधिक एक एकच होतो, कारण दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन नावे मानणे ही तिसऱ्या शतकातील सॅबेलियसची चूक होती. ख्रिस्तसभेने ती नाकारली. आपण 'एक' म्हणतो ते ईश्वरी स्वरूपाविषयी, 'तीन' म्हणतो ते व्यक्तींविषयी. प्रश्न दोन आहेत, म्हणून विसंगती नाही. परंतु विसंगती नसणे म्हणजे रहस्य सिद्ध होणे नव्हे, आणि श्रद्धेच्या बाजूने दिलेला खोटा पुरावा हाही खोटाच असतो.

'आहे का?' आणि 'किती?' या दोन प्रश्नांची गल्लत आपण घरीदारीही करतो. शेजारी एकदा खोटे बोलला की तो आपल्या लेखी कायमचा खोटारडा. किती वेळा, हे आपण विचारत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र 'एकदाच तर' म्हणून मोजदाद सुरू होते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९८८ वा नियम पापनिवेदनात गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या, दोन्ही सांगण्यास बजावतो. दोन्ही प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. शेजाऱ्याचा हिशेब त्यानंतरही करावासा वाटला, तर तो प्रभूवर सोपवावा.