यजमानाची बदली

मुंबईच्या डिलाईल रोडला ‘ना. म. जोशी मार्ग’ हे नाव मिळून कित्येक वर्षे लोटली, तरी टॅक्सीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत साऱ्यांच्या जिभेवर जुने साहेबी नावच रुळलेले आहे, याचे मला पूर्वी फार वाईट वाटे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या उभारणीत पुढाकार घेतला, आणि १९२१ पासून जवळजवळ पाव शतक मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते बसले. परंतु ज्या कामगारांच्या वतीने ते बोलत, त्यांच्यापैकी एकानेही त्यांना त्या जागेसाठी कधी मत दिलेले नव्हते. त्यांची नेमणूक सरकारी हुकुमाने झालेली होती. ज्याला सरकारने नेमले त्याने इमानेइतबारे कामगारांची बाजू मांडली, आणि ज्यांना कामगारांनी पुढे पेट्या भरभरून मते दिली त्यांतल्या कित्येकांची नावेही आज या रस्त्यावर कोणाला सांगता येत नाहीत. प्रतिनिधी होतो तो कशाने, मताने, सनदेने की निष्ठेने, हा प्रश्न मला या रस्त्याच्या पाटीने प्रथम घातला.

हा प्रश्न राजकारणाचा म्हणून ओळखला जातो. पण तो मुळात धर्मविचारातला आहे, आणि आपल्याकडे त्याचा खल पार्लमेंटे जन्माला येण्याच्या कितीतरी आधी झालेला आहे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात जैमिनी विचारतो, की यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर दुसरे घेऊन यज्ञ पुरा करावा काय. व्रीही नसतील तर नीवार चालतील काय, सोमवल्लीच्या अभावी पूतीक कुटून भागेल काय. उत्तर मोठे व्यवहारी आहे: चालेल, कारण आरंभलेले कर्म अर्धवट टाकण्यापेक्षा ते जवळच्या वस्तूने पुरे करणे बरे. पण ही सवलत देताना आचार्यांनी काही हद्दी घालून ठेवल्या. देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही. आणि यजमानालाही नाही, कारण ज्याने संकल्प सोडला आणि ज्याला फळ मिळायचे, त्याची जागा दुसऱ्याने घ्यायची म्हटली तर तो यज्ञच दुसऱ्याचा होऊन बसतो.

याला अपवाद एकच, आणि तो सत्राचा. सत्र म्हणजे किमान सतरा आणि कमाल चोवीस माणसांनी मिळून करावयाचा दीर्घ याग. त्यात सगळेच यजमान आणि सगळेच ऋत्विज. अशा सत्रात दीक्षा घेतलेल्यांपैकी एखादा मध्येच मृत्यू पावला तर संख्या पुरी करण्यासाठी दुसरा माणूस आणून बसविता येतो. मग लगेच शंका निघते, की हा आणून बसविलेला माणूस यजमान झाला काय? पूर्वपक्ष म्हणतो, झाला. सिद्धान्त म्हणतो, नाही. तो कर्मकर, म्हणजे कामाला लावलेला माणूस, आणि फळ ज्याची जागा त्याने भरली त्याचे. (संसदेच्या अधिवेशनाला हिंदीत ‘सत्र’ म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द योजला त्याच्या मनात हे अधिकरण नसणार; पण शब्द अचूक पडला आहे.)

हा विचार काशीच्या पाठशाळेत बसून समजून घ्यावा लागत असेल. डिलाईल रोडच्या माणसाला तो उपजतच ठाऊक होता, कारण त्याच्याकडे त्यासाठी ‘बदली’ हा रोजच्या वापरातला शब्द होता. गिरणीत कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या साच्यावर त्या पाळीपुरता दुसरा माणूस उभा राही, तो बदली. पहाटेच्या भोंग्याला शेकडो माणसे दरवाजाशी जमत, आणि त्यांतून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर नावाच्या मुकादमाच्या मर्जीवर, म्हणजे बहुधा त्याच्या दस्तुरीवर, अवलंबून असे. १९३५ पासून या मर्जीला आवर घालण्यासाठी बदली कामगारांना दाखले देण्याची पद्धत आली. बदलीवाला कितीही कसबी असला, त्याच्या हातून ताग्यामागून तागे निघाले, तरी साचा त्याचा होत नसे. मूळ धनी गावाहून परतला की बदलीने निमूट बाजूला व्हायचे, ही रीत खात्यातल्या प्रत्येकाला मान्य असे. माझ्या आजोबांनी आयुष्याची अकरा वर्षे बदलीत काढली. त्यांना कोणी आमदार-खासदारांची थोरवी सांगू लागले की ते एवढेच विचारीत, “पाळी कोणाची, आन् उभा कोण?” मीमांसकांचा सिद्धान्त इतक्या थोडक्या शब्दांत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

इंग्रजांच्या देशात, ज्यांच्याकडून आपण मतपेटी उचलली, हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. तिथे ओल्ड सॅरम नावाची एक उजाड टेकडी १८३२ पर्यंत पार्लमेंटात दोन सभासद पाठवीत होती. डनिच नावाचे बंदर बहुतेक समुद्राने गिळले, तरी त्याच्याही दोन जागा त्याच सालापर्यंत शाबूत होत्या. यजमान नाहीसा झाला आणि बदली तेवढा उरला, असा हा प्रकार. एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना बजावले, की मी तुमचा हुकूम बजावणारा मुखत्यार नसून माझ्या विवेकाने चालणारा माणूस आहे. १७८० साली ब्रिस्टलने त्याला पुन्हा पाठविले नाही. बर्कचे म्हणणे मला अर्धे पटते. बदलीने आपले डोके वापरू नये असे कोणी म्हणणार नाही. धागा तुटला तर तो जोडण्यासाठी त्याने गावी गेलेल्या धन्याच्या पत्राची वाट का पाहावी? पण विणलेले कापड आपले आहे असे त्याला वाटू लागले की मात्र गाठ निराळी.

आता आमच्या मतदारसंघांकडे येतो. ‘मतदारसंघां’ असे अनेकवचन वापरले, कारण गिरणगाव जागच्या जागी राहिले आणि त्याच्यावरून हद्दी मात्र नदीच्या पात्रासारख्या फिरल्या. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ‘भायखळा आणि परळ’ नावाचा मतदारसंघ होता. अनेक सभासदांच्या या मतदारसंघातली राखीव जागा डॉ. आंबेडकर यांनी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने लढविली. ज्या परळच्या चाळीत त्यांचे संसाराचे आणि अभ्यासाचे कित्येक वर्षांचे दिवस गेले, तीही याच परिसरातली. समोर काँग्रेसचे पी. बाळू, म्हणजे आपल्या डावखुऱ्या फिरकीने गोऱ्यांनाही नमविणारे विख्यात गोलंदाज पालवणकर बाळू, उभे होते. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात संचयी मतदानाची पद्धत होती: जागा जितक्या तितकी मते प्रत्येकाला मिळत, आणि मतदाराने मनात आणले तर ती सगळी त्याने एकाच उमेदवाराच्या पदरात टाकावी. मताचा अधिकार मात्र मालमत्ता, भाडे, शिक्षण असल्या अटींत अडकलेला होता.

पंधरा वर्षांनी, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, ‘मुंबई शहर उत्तर’ हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ झाला. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. आता प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत होते, आणि या मतदारसंघात प्रत्येकाला दोन. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतदाराने आपल्या मतपत्रिका पसंतीच्या पेट्यांत टाकायच्या. परंतु दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतली एक बाद. जे १९३७ साली मतदाराचा हक्क होते ते १९५२ साली मतदाराची चूक ठरले. निकालात विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर हे काँग्रेसचे दोघे निवडून आले. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६. अंतर १४,५६१ मतांचे. आंबेडकर आणि त्यांच्या जोडीने लढलेले समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी याचिका केली, तीत ७४,३३३ मते बाद धरल्याचा दाखला होता, आणि एक मत मुद्दाम वाया घालविण्याचा प्रचार कम्युनिस्ट गोटातून झाल्याचा आरोप होता. याचिका फेटाळली गेली. कोणाचा किती दोष हे ठरविण्यासाठी मी ते दप्तर पुन्हा उघडीत नाही.

मला विचारायचे आहे ते निराळेच. आपली दोन्ही मते एकाच पेटीत टाकणारा माणूस कोण होता? काही गोंधळलेले असतील, काही पक्षाच्या सांगण्याबरहुकूम वागणारे असतील. पण ज्या वस्तीत आषाढी-कार्तिकीला निम्मी चाळ पंढरीच्या वाटेला लागे, त्या वस्तीत काही माणसे अशीही असणारच, की ज्यांना एक फूल विठोबाला आणि दुसरे भलत्याच देवाला वाहणे जमलेच नाही. अनन्यता हा भक्तीचा गुण. परंतु मतदान ही भक्ती नव्हे; तिथे मतदार हा भक्त नसून यजमान आहे, आणि ज्याने स्वतःला समूळ दुसऱ्याच्या हवाली केले त्याचे यजमानपण त्याच क्षणी सुटते. हे सर्वांत स्पष्ट कोणी सांगितले असेल तर बाबासाहेबांनीच, २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटनासमितीतील भाषणात: धर्मातली भक्ती मोक्षाला नेईल, राजकारणातली भक्ती अधःपाताला आणि अखेर हुकूमशाहीला नेईल, असा त्यांचा आशय होता. त्यांच्या विरोधकांचे भक्त त्यांनी ओळखले. त्यांचे स्वतःचे भक्तही या इशाऱ्यातून सुटत नाहीत, आणि हे लिहिताना मी कोणाचा राग ओढवून घेत असेन तर तो घ्यायला मी तयार आहे.

येथे एका कडू गोष्टीचा कबुलीजबाब दिला पाहिजे. ज्या सहाव्या अध्यायाच्या आधारे मी हा सारा विचार मांडीत आहे, त्याच अध्यायाच्या पहिल्या पादात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही असा निर्णय दिलेला आहे. बादरी नावाच्या आचार्याने तिथे सर्वांना अधिकार आहे असे म्हटले, ते जैमिनीने प्रामाणिकपणे नोंदले आणि खोडून काढले. माझ्या मते त्या वादात बादरी बरोबर होता, आणि घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला तेव्हा दोन हजार वर्षे पूर्वपक्षात पडून राहिलेले त्याचे मत सिद्धान्त झाले. जैमिनीच्या घरातून प्रतिनिधीचा विचार मी उचलतो. त्याच्या दारावरची कडी उचलीत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. ५ जून १९७० रोजी परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि सत्रातल्या रिकाम्या आसनाचा प्रश्न शब्दशः उभा राहिला. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार तेव्हा झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि १९८४ साली सारा देश एका लाटेत वाहत असताना दक्षिण मध्य मुंबईने संपाचे नेते दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून दिल्लीला धाडले. त्या मतांत संपाचे फळ पदरात पडावे हा संकल्प होता. सामंत लोकसभेत गेले, फळ चाळीत पोचले नाही. २००८ च्या पुनर्रचनेत परळ आणि चिंचपोकळी हे विधानसभेचे मतदारसंघ पुसले गेले आणि आमचा रस्ता ‘मुंबई दक्षिण’मध्ये गेला. आमच्या बी.डी.डी. चाळीतल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने मतदानाची चिठ्ठी न्याहाळून मला विचारले, “आपण कुठं राहायला गेलो का काय रं?” त्या ऐंशी खोल्यांच्या चाळीत, त्याच एकशेसाठ चौरस फुटांत, ती लग्न होऊन आल्यापासून राहत होती.

पुन्हा एकदा १९५२ कडे वळतो. बाबासाहेबांच्या त्या पराभवानंतर त्याच वर्षी मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर निवडून दिले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले, आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे निर्वाण झाले तोवर लोकसभेत बसण्याचा योग त्यांना आला नाही. पुढच्याच वर्षी गिरणगावाने ‘मुंबई शहर मध्य’ या दोन जागांच्या मतदारसंघातून संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दोन माणसे दिल्लीला पाठविली: एक कॉम्रेड डांगे, आणि राखीव जागेवर बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने.