तेरा जणांची सत्ता

26 मे 2022 रोजी एडिंबरा शहराच्या कौन्सिलमध्ये सत्ता कुणाची यावर मतदान झाले. सभागृह 63 जणांचे. तीन आठवड्यांपूर्वीच्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, म्हणजे एसएनपीचे, 19 नगरसेवक निवडून आले होते. मजूर पक्षाचे 13, लिबरल डेमोक्रॅटांचे 12, ग्रीनचे 10 आणि हुजूर पक्षाचे 9. एसएनपी आणि ग्रीन यांनी एकत्र येऊन 29 पर्यंत मजल मारली होती, बहुमताला तीन कमी. मतदान झाले आणि कारभार गेला 13 जणांच्या मजूर पक्षाकडे. लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर यांनी त्यांच्या बाजूने हात वर केले. मजूर पक्षाचेच दोन नगरसेवक तटस्थ राहिले. हुजुरांच्या टेकूवर उभी राहणारी सत्ता त्यांना मान्य नव्हती. पक्षाने दोघांना निलंबित केले. लॉर्ड प्रोव्होस्ट हे आपल्या महापौरासारखे मानाचे पद लिबरल डेमोक्रॅट रॉबर्ट ऑल्ड्रिज यांच्याकडे गेले.

यातली गंमत अशी, की 2017 मध्ये हुजूर पक्षाचे याच सभागृहात 18 जण होते. मतदारांनी त्यांना बरोबर अर्ध्यावर आणले, आणि तरी सत्तेची किल्ली त्यांच्याच खिशात राहिली.

मराठी वाचकाला अशा बातमीचे नवल वाटायचे कारण नाही. निकालानंतरची गणिते आपण 2019 नंतर इतकी पाहिली, की सर्वांत मोठा पक्ष विरोधी बाकांवर बसला तर कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. ‘जनादेशाचा अपमान’ हा शब्दप्रयोग एडिंबरातही आपापल्या सोयीने वापरला गेला. पण मला तो तिथे लागू पडत नाही असे वाटते. 63 पैकी 19 हा जनादेश नसतोच, आणि 13 हा तर मुळीच नसतो. जिथे कुणालाच बहुमत मिळू नये अशीच व्यवस्था मुद्दाम केलेली आहे, तिथे पहिला नंबर कुणाचा याला फारसा अर्थ उरत नाही. खोट आहे ती दुसरीकडे.

ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. आमदारांच्या मतांवर होणारी विधान परिषदेची निवडणूक आठवा. कोटा किती, पहिल्या पसंतीची मते कुणाला किती, जास्तीची मते कुणाकडे वळली, दुसऱ्या पसंतीवर कोण तरला, यावर वाहिन्या रात्र रात्र जागवतात. आपल्याकडे काही मोजक्या आमदारांनी खेळायचा हा डाव स्कॉटलंडमध्ये 2007 पासून साध्या मतदाराच्या हाती दिला आहे. बहुतेक प्रभागांतून तीन किंवा चार नगरसेवक निवडायचे असतात. मतपत्रिकेवर नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे, वाटेल तितके. चार जागांच्या प्रभागात साधारण वीस टक्के मते मिळवणारा निवडून येतो. आपल्या महापालिकांतही चार सदस्यांचे प्रभाग आहेत, पण तिथे प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते, त्यामुळे एकाच पक्षाचे पॅनल चारही जागा उचलून नेऊ शकते. स्कॉटलंडमध्ये ते जवळपास अशक्य आहे, आणि नेमके तेच अभिप्रेत होते. 2003 मध्ये ग्लासगोत मजूर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर 79 पैकी 71 जागा घेतल्या होत्या. त्या काळी स्कॉटिश सरकारात मजूर पक्षाचे भागीदार असलेल्या लिबरल डेमोक्रॅटांनी आघाडीची किंमत म्हणून 2004 चा कायदा करवून घेतला आणि मजूर पक्षाने स्वतःच्या बालेकिल्ल्याची भिंत स्वतःच्या हाताने पाडली. राजकारणात असा त्याग क्वचितच दिसतो. त्याग म्हणावा की नाइलाज, हा भाग वेगळा.

(या पद्धतीला एक हास्यास्पद शेपूटही आहे. मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या वर्णक्रमाने असतात, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले की वरच्या नावाला पहिली पसंती जास्त मिळते. ज्याचे आडनाव ‘डब्ल्यू’ने सुरू होते त्याने प्रचार दुप्पट करावा.)

तर मतदाराला सांगितले काय? एकाच पक्षाला कवटाळून बसू नका, दुसरी-तिसरी पसंतीही कळवा. मतदार ते मुकाट्याने करतो. पण तोच प्रश्न पक्षांना विचारा, तुमची दुसरी पसंती कोण? तर उत्तर मिळत नाही. 2022 च्या निवडणुकीआधी स्कॉटिश मजूर पक्षाचे नेते अनस सरवर यांनी जाहीर केले होते, की आमचा पक्ष कौन्सिलांमध्ये कुणाशीही औपचारिक आघाडी करणार नाही. ऐकायला बाणेदार. पण 63 च्या सभागृहात 13 जण घेऊन बसल्यावर या बाणेदारपणाचा अर्थ एवढाच होतो, की आघाडी करायची, फक्त तिला आघाडी म्हणायचे नाही. उघड आघाडीत निदान एक करारपत्र असते, कुणाला काय दिले आणि बदल्यात काय घेतले हे कागदावर येते. एडिंबरातल्या टेकूला ते बंधन नव्हते.

हा सोवळेपणा आला कुठून, हे समजायला ॲबर्डीनला जावे लागते. त्या शहराच्या कौन्सिलमध्ये 2012 ते 2017 मजूर, हुजूर आणि काही अपक्ष यांनी मिळून कारभार केला. पक्षश्रेष्ठींनी त्यासाठी कुणाला पक्षाबाहेर काढले नाही. मे 2017 मध्ये 45 पैकी एसएनपीचे 19, हुजुरांचे 11 आणि मजुरांचे 9 निवडून आले. मजूर नगरसेवकांनी पुन्हा तीच मोट बांधली, आणि या वेळी स्कॉटिश पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या केझिया डग्डेल यांच्या कारकिर्दीत नऊच्या नऊ जणांचे निलंबन झाले. शहर तेच, सोबतीही तेच. बदलले होते ते दूरवरचे काहीतरी. मध्यंतरी 2014 चे सार्वमत होऊन गेले होते. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावे का, या प्रश्नावर 55 टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. त्या प्रचारात हुजुरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याची किंमत मजूर पक्षाने 2015 मध्ये मोजली: वेस्टमिन्स्टरच्या संसदेत स्कॉटलंडमधून त्यांच्याकडे असलेल्या 41 जागांपैकी एकच हाती उरली. त्यात 8 जून 2017 ला पुन्हा संसदेची निवडणूक होती, आणि ॲबर्डीनचा करार झाला मे महिन्यात. हुजुरांसोबतचा फोटो कोणत्याही नेत्याला नको असावा असाच तो महिना.

निलंबित नऊ जण घरी बसले नाहीत. ‘ॲबर्डीन लेबर’ या नावाने त्यांनी शहर चालवले. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर 1986 च्या अनर्हता कायद्याने नगरसेवकपदच जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. पक्ष तुम्हाला दारातून बाहेर काढू शकतो, सभागृहातून नाही. त्यामुळे तिथल्या नगरसेवकाला पाठीचा कणा वापरायची मुभा आहे, आणि कधी कधी तो वापरतोही. 2022 मध्ये ॲबर्डीनच्या मतदारांनी काय केले? मजूर नगरसेवक 9 चे 11 झाले. हुजूर मात्र घटले. श्रेष्ठींना जे पाप वाटले, त्याची शिक्षा देण्याची घाई मतदारांना झालेली दिसत नाही.

स्कॉटलंड स्वतंत्र व्हावे की न व्हावे, यावर एडिंबराच्या किंवा ॲबर्डीनच्या कौन्सिलला काडीचाही अधिकार नाही. कौन्सिलकडे आहेत शाळा, वृद्धांची देखभाल, रस्ते, ग्रंथालये, घरे आणि कचरा. तरीही कौन्सिलमध्ये कोण कुणाशेजारी बसणार हे ठरते त्या दूरच्या प्रश्नावरून. एडिंबरात 2012 पासून 2022 पर्यंत, म्हणजे सार्वमताच्या धुमश्चक्रीतही, मजूर आणि एसएनपी यांनी दहा वर्षे एकत्र कारभार केला होता. ट्रामचा मार्ग न्यूहेवनपर्यंत वाढवण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. एकत्र काम जमत नाही, असे कुणी म्हणू शकत नव्हते. जमत नव्हते ते एकत्र दिसणे.

आणि मग ऑगस्ट आला. एडिंबराचा ऑगस्ट म्हणजे फ्रिंज महोत्सव, नाटके, पथनाट्ये, जगभरचे पाहुणे. 18 ऑगस्ट 2022 ला सफाई कामगार संपावर गेले, ते महिनाअखेरपर्यंत. ग्रासमार्केटमध्ये पेट्या भरून वाहिल्या. पिझ्झाची खोकी, कॉफीचे पेले, चिप्सचे कागद पदपथावर पसरले आणि सीगल पक्ष्यांची चंगळ झाली. पगारवाढीची बोलणी कोणी करायची? सगळ्या 32 कौन्सिलांच्या वतीने ‘कोस्ला’ ही त्यांची संघटना करते. पैसा कुणाचा? बराचसा एडिंबरातच बसलेल्या एसएनपीच्या स्कॉटिश सरकारचा, कारण कौन्सिल टॅक्समधून कौन्सिलांच्या खर्चाचा लहान हिस्साच निघतो, आणि तो टॅक्सही आजवर घरांच्या 1991 मधल्या किमतींवर बेतलेला. मजूर कौन्सिलने बोट सरकारकडे दाखवले, एसएनपीने मजूर कौन्सिलकडे. अखेर फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांना स्वतः वाटाघाटींत उतरावे लागले. सत्ता 13 जणांच्या हाती की 19 जणांच्या, याने कचऱ्याला काय फरक पडला असता? मला वाटते, थोडा पडला असता. दोन्ही पक्ष एकत्र कारभारात असते तर एकमेकांकडे बोट दाखवणे तरी अवघड झाले असते.

त्याहून नवलाची गोष्ट फेब्रुवारी 2023 ची. सत्ताधारी मजूर पक्षाचा अर्थसंकल्प सभागृहात टिकला नाही आणि मंजूर झाला लिबरल डेमोक्रॅटांचा. आपल्याकडे विधानसभेत असे झाले तर त्याच संध्याकाळी सरकार राज्यपालांकडे जाण्याच्या वाटेवर असते. एडिंबरात मजूर पक्ष जागेवरून हलला नाही. दुसऱ्याने आखलेल्या खर्चावर पहिल्याने कारभार करायचा. याला लवचीकपणा म्हणणारे आहेत, निर्लज्जपणा म्हणणारेही. मी पहिल्यांच्या थोडा जवळ आहे. कारण याच विस्कळीत सभागृहाने जानेवारी 2025 मध्ये हॉटेलातल्या मुक्कामावर पाच टक्के पर्यटक कर लावायचा निर्णय घेतला, आणि या कराचा पाठपुरावा आधीच्या एसएनपी-मजूर राजवटीपासून चालू होता. बहुमत नसलेली कौन्सिलेही चालतात, कधी कधी भक्कम बहुमताच्या कौन्सिलांपेक्षा जपून.

माझी तक्रार आहे ती अंधाराबद्दल. 2022 मध्ये मतदान झाले जेमतेम 45 टक्के. शेटलंड, वेस्टर्न आयल्स आणि इनव्हरक्लाइडमध्ये काही प्रभागांत तर उमेदवारच जागांइतके होते, मतदानाची गरजच पडली नाही. अशा थंड निवडणुकीत जो मतदार बाहेर पडतो आणि पाच नावांपुढे विचार करून आकडे लिहितो, त्याने पक्षांकडूनही क्रमवारी मागितली तर काय चुकले? आम्हाला बहुमत मिळाले नाही तर आधी यांच्याशी बोलू, मग त्यांच्याशी, आणि अमक्यांशी कदापि नाही, एवढे पत्रकात छापायला चार ओळी पुरतात. पक्षांचा आक्षेप मला माहीत आहे: दुसऱ्याचे नाव छापले की आपली पहिल्या पसंतीची मते गळतात. गळतीलही. हुजुरांचे नाव पाहून एडिंबराच्या लीथमधला मजूर मतदार बिथरेल, एसएनपीचे नाव पाहून मॉर्निंगसाइडमधला. पण तो बिथरण्याचा हक्क त्याला 5 मे च्या मतदानाआधी होता. 26 मे नंतर त्याच्या हाती काही उरले नव्हते.

पुढची निवडणूक मे 2027 मध्ये आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांनाही कौन्सिलसाठी मत देता येते, सोळा वर्षांच्या मुलांनाही. म्हणजे एडिंबरा विद्यापीठात शिकणारा पुण्याचा मुलगा मतदार यादीत नाव घालून तिथे पसंतीक्रम लिहू शकतो. दारावर मते मागायला येणाऱ्या कार्यकर्त्याला त्याने तो एक प्रश्न जरूर विचारावा. उत्तर कोणता पक्ष टाळतो, तेवढे टिपून ठेवले तरी पुष्कळ.