जिभेचं तप आणि माउथ ऑर्गनची तीन छिद्रं



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, पंधराव्यात वाणीचं आणि सोळाव्यात मनाचं. वाणीच्या तपाचा भावार्थ असा: ज्याने समोरच्याच्या मनाला टोचणी लागत नाही, जे खरं आहे, प्रिय आहे आणि हिताचंही आहे असं बोलणं. आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास.

वाचताना एक गोष्ट सहज निसटून जाते. या श्लोकात मौन नाहीच! मौन हा शब्द येतो पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात. म्हणजे तोंड बंद ठेवलं की वाणीचं तप झालं, असं भगवंत म्हणत नाहीत. जिभेला काम आहे. मग ते नेमकं कोणतं?

मला हे नीट उमगलं ते माउथ ऑर्गनच्या रियाजात. हसू नका, सांगतो.

साधा माउथ ऑर्गन म्हणजे दहा छिद्रं आणि आत वीस रीड. प्रत्येक छिद्रात फुंकलं की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. 'शोले'तला जय किंवा १९६४ च्या 'दोस्ती'तला रामू बघून आपण हौसेने तो हातात घेतो ('दोस्ती'साठी तो प्रत्यक्षात वाजवला होता पंचमदांनी). आणि पहिल्याच फुंकरीला अडचण येते. छिद्रं इतकी जवळजवळ की एक सूर हवा असताना तीन-चार एकदम वाजतात.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे ओठांचा चंबू करून एकाच छिद्रात फुंकणं. दुसरा म्हणजे टंग ब्लॉकिंग. यात तोंड चांगलं उघडून एकदम चार छिद्रांवर ठेवायचं. जिभेच्या पुढच्या भागाने डावीकडची तीन झाकायची आणि उजव्या कोपऱ्यातून हवा जायला जागा ठेवायची. सी पट्टीच्या, म्हणजे आपल्या पांढरी एकच्या माउथ ऑर्गनवर पहिली तीन छिद्रं झाकून चौथ्यात फुंकलं की स्वच्छ सा लागतो.

इथपर्यंत जीभ पहारेकरी वाटते. पण आता खरी गंमत. सा चालू असतानाच जीभ अलगद उचलायची. खालची तीन छिद्रं उघडतात आणि सा, ग, प त्या सा ला येऊन मिळतात. परत झाकली की एकटा सा. तालात उचल-झाक करत गेलं की एकच माणूस गाणंही वाजवतो आणि स्वतःची साथही करतो. जे सूर मघाशी गोंगाट वाटत होते, तेच वेळेवर आले की साथ होतात.

शिकताना जीभ फार त्रास देते. नवखा माणूस ती जोराने दाबतो. मग ती ताठ होते, हवा अडते, सूर घुसमटतो. जिभेने फक्त टेकायचं असतं, दाबायचं नसतं. शिवाय तोंडाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. आरशात बघून उपयोग नाही. जीभ नेमकी बसली की नाही ते फक्त कान सांगतात.

आता बोलण्याकडे येऊ.

परवा रात्री गावाकडून अण्णांचा फोन आला. आमची शेती परभणी जिल्ह्यात, सोयाबीनची. अण्णा म्हणाले, "सगळं पाण्यात गेलं रे. शेंगाला मोड फुटले. रब्बी कशावर उभी करावी तेच कळंना." आणि गप्प झाले. माझे वडील फोनवर कधी गप्प होत नाहीत.

त्या दोन सेकंदांत माझ्या जिभेवर चार उत्तरं आली होती. पहिलं: "तुम्हाला मी जूनमध्येच म्हणलो होतो, सगळ्या रानात एकच पीक घेऊ नका." हे खरं होतं, पण त्या क्षणी टोचणारं. दुसरं: "काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल." प्रिय होतं, पण खरं कशावरून? तिसरं: "किती पाठवू?" मदतीचंच होतं, पण अण्णांनी पैसे मागितलेच नव्हते. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाला त्या शब्दाने काय वाटलं असतं!

ही तीन झाकली. चौथं बोललो, "अण्णा, मी शनिवारी येतो. दोघं मिळून रान बघू. पंचनाम्याचं काय झालं, उधारी किती, सगळं वहीत मांडू."

पलीकडून जरा वेळाने आवाज आला, "ये. तुझी माय पण वाट बघायली."

सांगायचं ते एवढंच की चारही छिद्रांत हवा होती. तोंड बंद केलं असतं तर टोचलं नसतं, पण हितही झालं नसतं. आणि झाकलेली उत्तरं कायमची बाद झाली असंही नाही. वही उघडल्यावर पैशांचं निघेल, पुढच्या जूनआधी पिकाच्या फेरपालटाचंही निघेल. तेव्हा तेच बोलणं साथ होईल. खरं बोलायचं की गोड, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. गीता दोन्ही मागते, वर हितही मागते. आणि या सगळ्या कसोट्यांना उतरणारा शब्द सापडेपर्यंत जिभेने बाकीचे शब्द हलकेच धरून ठेवायचे असतात.

आमच्या जिल्ह्याला या बाबतीत मोठा आधार आहे. गोदाकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी त्या राबल्या. दळण, कांडण, शेणी वेचणं. हात जात्यावर आणि जिभेवर विठ्ठल. त्यांची जीभ गप्प नव्हती, नुसती गोडही नव्हती. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी चक्क भांडण आहे, पण त्या भांडणातही प्रेमच आहे. जात्याची घरघर चालूच राहिली आणि तिचीच त्यांच्या नामाला साथ झाली.

श्लोकाच्या शेवटी स्वाध्यायाचा अभ्यास का जोडला असेल? मला वाटतं, ऐन वेळी जीभ ऐकत नाही म्हणून. मैफलीत उभं राहून टंग ब्लॉकिंग शिकता येत नाही. ते रोज दहा मिनिटं, कुणी ऐकत नसताना घोटावं लागतं. तसंच भांडण पेटल्यावर, मॅनेजरचा मेसेज आल्यावर किंवा बायको थकून आल्यावर वाणीचं तप शिकायला बसता येत नाही. रोजचा हरिपाठ, रोजचं पारायण, रोजचं नाम म्हणजे त्या जिभेचा रियाज. तिला चांगल्या शब्दांवर टेकायची सवय लागते, मग अवघड क्षणी ती आपोआप जागेवर जाते.

कुणी म्हणेल, असं तोलून-मापून बोलणं नाटकी नाही का? सुरुवातीला वाटतं खरं. चार छिद्रांवर तोंड ठेवून बसलेला माणूसही आधी विचित्रच दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी मात्र जिभेकडे लक्षही जात नाही, फक्त सूर ऐकू येतो.

आजची साधना: दिवसभरात एका अवघड बोलण्याआधी एक श्वास थांबा. जिभेवर किती उत्तरं आली ते बघा. नको ती रागाने दाबू नका, फक्त झाका. आणि बोलून झाल्यावर समोरच्याचा आवाज नीट ऐका. आपला सूर लागला की नाही, ते त्यातच कळतं.

उद्या सोळावा श्लोक घेऊ, मनाचं मौन.

राम कृष्ण हरी!